फौजदारी बचावाची वकिली, गोव्यातली: कोण करतं, कशासाठी, आणि कोर्ट सुटल्यावर काय

खाजनबांध

आरोपीचं वकीलपत्र घेणाऱ्याला "कसं करवतं रे तुला हे?" असा प्रश्न गोव्यात लग्नाच्या मांडवात विचारतात आणि देवळाच्या पायरीवरही. उत्तरादाखल बहुतेक जण राज्यघटना सांगतात. राज्यघटना खरीच आहे, पण ऐकणाऱ्याचं तेवढ्याने समाधान होत नाही. रोजचं काम नेमकं काय असतं ते उलगडून सांगितलं तर कारण आपोआप कळेल असं वाटतं, म्हणून हा धागा.

सुरुवातीलाच एक विनंती. स्वतःच्या खटल्यांचे किस्से इथे नकोत. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ वकिलाला अशिलाची गोष्ट उघड करू देत नाही, आणि हे बंधन काम संपल्यावरही सुटत नाही. बाराच तालुक्यांचं राज्य आपलं. नाव न घेता सांगितलेली गोष्टही दोन वाक्यांत ओळखू येते.

आता हा माणूस येतो कुठून ते. मिरामार किंवा मडगावच्या कायदा महाविद्यालयातून बारावीनंतरची ५ वर्षं किंवा पदवीनंतरची ३ वर्षं. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद. सनदेचं शुल्क सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये कायद्यातल्या आकड्यावर आणलं: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. आणि मग खरी शाळा, म्हणजे कुणा सीनियरच्या हाताखालची वर्षं. ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं आहे. ती सूचना आहे, सक्ती नाही. फौजदारी बाजूला येणाऱ्याने पहिल्या काही वर्षांचं घरखर्चाचं गणित आधी मांडावं, कारण जमीन-जुमल्याच्या दाव्यांसारखी वर्षानुवर्षं चालणारी फी इथे नसते. आरोपी बहुधा गरीब असतो, आणि पैसेवाला असला तर तो थेट जुन्या वकिलाकडे जातो.

मांडवीपल्याड

चांगला विषय. अटकेनंतरच्या पहिल्या २४ तासांबद्दल लिहितो. बचावाचा निम्मा खटला तिथेच घडतो किंवा बिघडतो.

फोन येतो तो घरच्यांचा, आणि ते रडत असतात. त्यांच्याकडून चारच गोष्टी काढून घ्यायच्या: कोणतं पोलीस स्टेशन, गुन्हा क्रमांक, कोणती कलमं, आणि नेमकं किती वाजता उचललं. शेवटची सगळ्यांत महत्त्वाची. २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, त्यातून फक्त प्रवासाचा वेळ वजा होतो. कागदावर अटकेची वेळ रात्री ११ ची आणि माणूस दुपारी ३ पासून ठाण्यात बसवलेला, हे वारंवार दिसतं. ते सिद्ध करायचं तर घरच्यांच्या फोनमधले कॉल, त्या वेळचे संदेश आणि ठाण्यातलं सीसीटीव्ही लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निकालानुसार ठाण्यातलं चित्रण १८ महिने, आणि यंत्रणा तेवढी नसेल तर किमान १ वर्ष ठेवायचं आहे. तरी ते राखून ठेवण्याचा अर्ज पहिल्या रिमांडलाच, म्हणजे दंडाधिकारी कोठडी ठरवतात त्या पहिल्या हजेरीलाच द्यावा. हॉटेल, बार, दुकान यांची यंत्रं तर जुनं चित्रण स्वतःच पुसून टाकतात. तिथे आठवडासुद्धा थांबू नये.

मग अटकेची कारणं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, तिच्या कलम ४७ खाली ती सांगावी लागतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं, की ती लेखी हवीत, आरोपीला कळेल त्या भाषेत हवीत, आणि अगदी उशीर झाला तरी रिमांडच्या किमान २ तास आधी हातात पडायला हवीत. गोव्यात याला फार महत्त्व आहे. कळंगुटला पकडलेला रशियन, वेर्ण्याच्या कारखान्यातला ओडिशाचा कामगार, मडगावात राहणारा कन्नड मजूर, या तिघांनाही इंग्रजी कागद सारखाच परका.

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर अटक का टाळली नाही हे विचारायचं (कलम ३५). नोटीस देऊन भागलं असतं का? पोलिसांनी भरलेल्या यादीत खरं कारण आहे की नुसत्या टिचक्या? न्यायाधीशांसमोर ती यादी मोठ्याने वाचावी.

आणि अंगावरच्या जखमा. कलम ५३ खालची वैद्यकीय तपासणी झाली का, डॉक्टरांनी काय लिहिलं, हे आरोपीला उघड न्यायालयात विचारलं जाईल असं बघावं. त्या दिवशी राहिलं तर पंधरा दिवसांनी कुणी विश्वास ठेवत नाही.

सुरंगी

६० आणि ९० दिवसांचं गणित कुणी नीट मांडेल का? नवीन वकील नेमके तिथेच चुकतात.

मांडवीपल्याड

मांडतो, सुरंगीबाय. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७(३). मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षं आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. तेवढ्यात आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, त्यात गुणदोष बघत नाहीत. अमली पदार्थाच्या व्यापारी प्रमाणात हीच मुदत १८० दिवस.

मोजायचं पहिल्या रिमांडच्या तारखेपासून, अटकेपासून नव्हे. २०२३ च्या त्रिसदस्यीय निकालानंतर तो पहिला दिवसही धरायचा. समजा रिमांड १ मार्चला. मार्चचे ३१ दिवस, एप्रिलचे २९, म्हणजे २९ एप्रिलला ६० पूर्ण. हक्क ३० एप्रिलच्या सकाळी. जुन्या सवयीने पहिला दिवस सोडणारा वकील १ मेला अर्ज करतो, आणि ३० ला दुपारी आरोपपत्र दाखल झालेलं असतं. संपलं. हक्क आपोआप मिळत नाही, अर्ज आरोपपत्राच्या आधी पोचावा लागतो. अर्जावर तारखेबरोबर वेळही टाकून घ्यावी, आणि जामीनदार त्याच दिवशी तयार ठेवावा. आदेश होऊन मुचलका भरला नाही तर तोही हक्क हातचा जातो.

पोलीस कोठडी अजूनही एकूण १५ दिवसच आहे. पण नव्या संहितेत ती पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते. त्यामुळे "कोठडी बाकी आहे" हे कारण जामिनाला आडवं येतं. कोठडी शिल्लक असणं हेच जामीन नाकारायचं कारण होऊ शकत नाही, हे मात्र जामिनाच्या कलम ४८० मध्येच लिहिलं आहे. ते वाक्य अर्जात जसंच्या तसं उतरवावं.

पायरीआंबा

गोव्यात फौजदारी म्हटलं की एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, आलाच. म्हापशाच्या एनडीपीएस न्यायालयाचा बोर्ड बघावा. तिथे बचाव म्हणजे पंचनामा आणि वजनकाटा. प्रमाणं पाठ हवीत: चरस १०० ग्रॅमच्या आत अल्प आणि १ किलोच्या वर व्यापारी, गांजा १ किलो आणि २० किलो, कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम, हेरॉइन ५ आणि २५०, एमडीएमए अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. व्यापारी प्रमाण झालं की कलम ३७ लागतं, आणि आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी आधार सापडल्याशिवाय जामीन नाही. म्हणून ९.८ ग्रॅम की १०.२ यावर माणसाची वर्षं ठरतात. पिशवीसकट वजन केलं का, काटा कुठला होता, हे विचारायचं. आणि कलम ५० पाळलं नाही, म्हणजे राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडतीचा हक्क आहे हे सांगितलं नाही, की आरोपी सुटलाच.

खाजनबांध

शेवटचं वाक्य दुरुस्त करायला हवं, कारण याच समजावर बरेच अर्ज पडतात. कलम ५० फक्त अंगझडतीला लागू आहे. माल स्कूटरच्या डिकीत, खोलीतल्या कपाटात किंवा पाठीवरच्या बॅगेत सापडला तर तो मुद्दा उभाच राहत नाही. बॅग म्हणजे अंग नव्हे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. आधीच मिळालेल्या खबरीवरून बंद जागेची झडती घेतली असेल तर कलम ४२ बघायचं: खबर लिहून घेतली का, ७२ तासांत वरिष्ठाला पाठवली का. आवक-जावक नोंदवही मागवायची, त्या पानावर मागून कोंबलेली नोंद आहे का ते बघायचं.

वजनाबद्दल आणखी दोन गोष्टी. २०२० पासून मिश्रणाचं पूर्ण वजन धरलं जातं, शुद्ध अंश नव्हे. १२ ग्रॅम पुडीत एमडीएमए नावापुरतं असलं तरी प्रमाण व्यापारीच. उलट गांजात आरोपीच्या बाजूने एक व्याख्या आहे: गांजा म्हणजे फुलोरा-फळांचे शेंडे. शेंड्यांबरोबर नसतील तर बिया आणि पानं त्यात येत नाहीत. पंचनाम्यात "हिरवी पानं, देठ, बिया" असं लिहून सगळं एकत्र तोललं असेल, तर शेंडे किती होते हा प्रश्न तपास अधिकाऱ्याला विचारावाच लागतो.

नमुने आता जागेवर काढायचे नसतात. डिसेंबर २०२२ च्या नियमांनुसार ते दंडाधिकाऱ्यांसमोर, दोन प्रतींत, ५ ग्रॅमचे, आणि अफू, गांजा, चरस असेल तर २४ ग्रॅमचे. मोहरेचा ठसा, मुद्देमाल खोलीची नोंद आणि प्रयोगशाळेत पोचलेल्या पाकिटाचं वर्णन हे तिन्ही एकमेकांशी ताडून बघायचं. मात्र नमुन्यांच्या या रीतीत (कलम ५२अ) चूक झाली म्हणून लगेच जामीन, असं होत नाही. डिसेंबर २०२४ चा निकाल तसं स्पष्ट म्हणतो. तो मुद्दा खटल्यासाठी जपून ठेवावा.

पायरीआंबा

बरोबर, बॅगेचं राहिलं. परदेशी आरोपींबद्दल एक भर घालतो. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपास यंत्रणेला आरोपीच्या हालचालींवर सतत डोळा ठेवता येईल अशी जामिनाची अट घालता येत नाही. गूगल नकाशावरचं ठिकाण पाठवत राहण्याची अट तिथे काढली गेली, आणि दूतावासाचं हमीपत्रही सरसकट मागता येत नाही.

घुमटनाद

गोव्यापुरता एक मुद्दा बाहेरून येणारे वकील नेहमी विसरतात. आपल्याकडे गोवा बालक कायदा, २००३ आहे. त्याच्या कलम ८ खाली बालकाशी गैरवर्तनाचा आरोप आला की खटला बाल न्यायालयात जातो. शेजाऱ्यांच्या भांडणात मुलाला धक्का लागला तरी हे कलम जोडलं जातं, आणि साधी मारहाण अचानक गंभीर होते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्याच अपिलात सांगितलं, की क्रूरतेचा हेतू नसताना मुलाला एकदा लागलेला फटका म्हणजे या कायद्यातला छळ नव्हे. दोषारोप ठेवण्याच्या टप्प्यावरच हे मांडावं.

आणि पोर्तुगीज कायद्याचा गोंधळ. नागरी संहिता आपल्याकडे अजून आहे, ती संपत्तीची आणि कुटुंबाची. फौजदारी बाजूला १ जुलै २०२४ पासून देशभरासारखीच भारतीय न्याय संहिता, म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा नवा कायदा.

सुरंगी

भाषेचं काय? साक्षीदार कोकणीत बोलतो, कागद इंग्रजीत.

घुमटनाद

उलटतपासणीचा जीव तिथेच आहे. ठाण्यात माणूस कोकणीत सांगतो, हवालदार इंग्रजीत टंकतो, आणि जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसतेच. "ताका मारलो" याचा अर्थ ठोकलं असाही होतो आणि ठार केलं असाही. एका क्रियापदावर दुखापत की खून हे फिरतं. न्यायालयातही साक्ष कोकणीत किंवा मराठीत होते, नोंद इंग्रजीत पडते. म्हणून साक्षीदाराचा मूळ शब्द नोंदीत तसाच घालायची विनंती तिथल्या तिथे करायची. जेवणाच्या सुटीनंतर केलेली दुरुस्ती कुणी मनावर घेत नाही.

विसंगती सिद्ध करायची रीत पक्की बसायला हवी. साक्षीदाराला आधीच्या जबाबातला नेमका भाग दाखवायचा, "असं सांगितलं होतं का?" म्हणून विचारायचं, नाही म्हणाला तर तेवढ्या भागाला पोर्शन मार्क ए द्यायचा (साक्ष्य अधिनियम, कलम १४८). इथवर सगळे करतात. पुढे वर्ष-दीड वर्षाने तपास अधिकारी साक्षीला येतो, तेव्हा त्याच्याकडून "होय, साक्षीदाराने हे सांगितलं होतं" असं काढून घ्यायचं राहून जातं, आणि ती विसंगती पुराव्यात धरलीच जात नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तपास अधिकाऱ्याला विचारायच्या मार्कांची यादी पहिल्या साक्षीदारापासून करत जावी. जबाबात जे नव्हतंच आणि साक्षीत नवीन आलं, त्या वगळणुकीलाही हीच वाट.

वैद्यकीय पुरावा असेल तर बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवचिकित्सा अहवालातली जखमांची लांबी-रुंदी आणि जप्त कोयत्याचं माप शेजारी शेजारी मांडावं. डॉक्टरांना शस्त्र दाखवलं होतं का, हा प्रश्न साधा आहे आणि बरेचदा उत्तर "नाही" येतं.

मांडवीपल्याड

आता "कसं करवतं" याकडे. बार कौन्सिलच्या नियमांतच आहे, की आरोपीच्या दोषाबद्दल स्वतःचं मत काहीही असो, त्याचा बचाव करणं हे वकिलाचं कर्तव्य. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच शून्यवत ठरवले.

पण अशिलाने कबुली दिली तर? तेव्हा वकील दोन गोष्टी करू शकत नाही: त्याला साक्षीत उभं करून खोटं बोलायला लावणं, आणि खोटं आहे हे ठाऊक असूनही दुसऱ्याच कुणी गुन्हा केला असं मांडणं. तरी सरकारचा पुरावा पुरेसा आहे का हे तपासणं उरतंच, आणि तेच मुख्य काम. शिक्षा किती हाही बचावाचाच भाग. शस्त्राने झालेली जखम न्याय संहितेच्या कलम ११८(१) मधली साधी की ११८(२) मधली गंभीर, यावर ३ वर्षं की जन्मठेपेपर्यंत हे ठरतं.

या कामात टिकणारी माणसं बहुधा कागदाने चिडणारी असतात. एकच पंच पाच पंचनाम्यांत, जप्तीचं चित्रण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचं असताना गायब, अटकेची वेळ खोडलेली. त्या चिडीला मी फार मान देतो. आरोपीविषयीच्या प्रेमापेक्षा ती जास्त टिकाऊ.

नाटकवेडा_डिचोली

आणि कोर्टाबाहेर? घरच्यांना कुणी विचारत नाही.

खाजनबांध

दिवस कसा जातो ते सांगितलं की बाहेरचं कळेल. सकाळी मेरशीला किंवा मडगावात तारीख, दुपारी पर्वरीला उच्च न्यायालयात जामीन, आणि अशिलाची भेट कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगात. मडगावहून कोलवाळ जवळपास ५० किलोमीटर. काणकोणच्या वकिलाला तर एक भेट म्हणजे एक दिवस. तुरुंगातल्या अशिलाचं वकीलपत्र अधीक्षकांच्या साक्षांकनाशिवाय चालत नाही, ते विसरलं की दुसरी फेरी. त्यामुळे भेटीच्या दिवशी वकीलपत्राच्या दोन कोऱ्या प्रती, आरोपपत्राची प्रत आणि प्रश्नांचा कागद बरोबर हवाच.

रिमांडला सुटी नसते. चवथीच्या दिवशी, शिमग्यात, रविवारीही आरोपीला दंडाधिकाऱ्यांसमोर नेतातच. जमेल तिथे दोघा-तिघा वकिलांनी सणांच्या पाळ्या आपसात लावून घ्याव्यात: यंदा चवथीला एक, नाताळात दुसरा. एकट्याने सगळे फोन घेणारा माणूस पाच-सहा वर्षांत चिडका होतो.

घरातली खरी अडचण मौनाची. दिवसभरात जे पाहिलं ते कलम १३२ मुळे जेवताना सांगता येत नाही. शवचिकित्सेची छायाचित्रं घरी उघडू नयेत, ती कचेरीत, दिवसाउजेडी, आणि शक्यतो दिवसातलं शेवटचं काम म्हणून नव्हे. मनावर साचत असेल तर समुपदेशकाकडे जावं. नाव-गाव न सांगताही स्वतःच्या झोपेबद्दल बोलता येतं.

गावातलं नातं सांभाळणं हे आणखी एक. आरोपी आणि फिर्यादी एकाच वाड्यावरचे, एकाच भजनाच्या मेळात. वकीलपत्र घेण्याआधी विचारायचं: समोरच्याने आपल्याला याच प्रकरणात कधी काही सांगितलं आहे का? असेल तर नकार द्यायचा, त्याच दिवशी.

सुरंगी

घरचं होमस्टे किंवा बागायत असेल तर सनदेला अडतं का? आणि नाटकात काम?

पायरीआंबा

धंदा स्वतः चालवता येत नाही. वारशाने आलेल्या व्यवसायात हिस्सा ठेवता येतो, पण कारभार बघायचा नाही. म्हणजे होमस्टेची नोंदणी आणि पाहुण्यांचा हिशेब दुसऱ्या कुणाच्या हाती हवा. पूर्ण वेळ पगाराची नोकरी नाही. कायदा शिकवायला दिवसाला ३ तासांपर्यंत मुभा आहे. कुळागरातली पोफळी आपली, ती शिंपायला कुणी अडवत नाही. जत्रेतलं हौशी नाटक, घुमट आरती, संध्याकाळचा फुटबॉल, यातही काही अडत नाही, उलट पाठांतराची आणि आवाजाची सवय कामाला येते. जाहिरात मात्र बंद. खटला जिंकल्याच्या चित्रफिती टाकणारे ज्युनियर बार कौन्सिलचा नियम ३६ वाचत नाहीत असं दिसतं.

घुमटनाद

ठरावीक पगार आणि थोडी शिस्त हवी असेल तर विधी सेवा प्राधिकरणाची बचाव वकील योजना बघावी, २०२२ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आलेली. पूर्ण वेळ, खासगी वकिली बंद. कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो (१९८७ चा कायदा, कलम १२), दूरध्वनी १५१००. कमी वर्षांत जास्त खटले चालवायला मिळतात.

तिथे एक काम नेहमी पडून राहतं, ते जामीन मिळूनही सुटका न झालेल्यांचं. परप्रांतीय मजुराला स्थानिक जामीनदार कुठून मिळणार? जानेवारी २०२३ च्या निर्देशांनुसार जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगात ईमेलने जायला हवी. ७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालय अट सैल करू शकतं. शिवाय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९: पहिलाच गुन्हा असलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला की जामीन, इतरांना निम्मा. जन्मठेप-मृत्युदंडाचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यातून वगळलेले. ३ वर्षांच्या चोरीत ते १२ महिने होतात. कोलवाळला गेलं की आपल्या अशिलाबरोबर शेजारच्या बराकीतल्या माणसाची रिमांडची तारीखही लिहून आणावी आणि मोजावी.

सुरंगी

१ मार्चचा हिशेब वहीत उतरवला. लीप वर्षात फेब्रुवारीतून जाणारी मुदत असेल तर २९ तारीखही दिवस म्हणून धरायची ना?

मांडवीपल्याड

हो, धरायची. कलमात दिवस लिहिले आहेत, महिने नव्हेत. १० जानेवारी २०२८ चं रिमांड घ्या: जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २९, मार्चचे ९, असे ९ मार्चला ६०. अर्ज १० मार्चला, न्यायालय उघडताच.